गायरानावर झाडं लावायच्या आधी गावात गप्पा ठेवायच्यात, कोणाला बोलवू?

माळकरी_औसा:
आमच्या गायरानावर पुढच्या पावसाळ्यात ग्लिरिसिडियाची रोपं लावायचं चाललंय. माळ म्हणजे पडीक नव्हे, हे त्याआधी लोकांना पटायला हवं. मारुतीच्या पारावर संध्याकाळी बैठक घ्यायची म्हणतोय. प्राध्यापक बोलवू की वनखात्यातलं कुणी? पडद्यावर फोटो दाखवू का?

उदगीरचा_भाऊ:
सोयाबीनच्या राशी उरकल्याशिवाय कुणी फिरकणार नाही. तेवढं बघा.

कंधारची_सून:
दादा, आधी गावातल्या मेंढपाळाला बोलवा, प्राध्यापक नंतर. आणि पारावर नको, माळावरच न्या सगळ्यांना. आमच्याकडं लाल कंधारी जनावरं आहेत. कुसळी गवत कोवळं असलं की गाय मिटक्या मारत खाते, कुसळं धरली की तोंड फिरवते, हे मला मामंजींनी दाखवलं. ती कुसळं मेंढीच्या लोकरीतून पार कातड्यात घुसतात. म्हणून कोणत्या महिन्यात कुठं चारायचं, हे मेंढपाळाला तोंडपाठ असतं. पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून वर पाण्याचा थेंब सोडा. पीळ सुटतो अन् ते गरागरा फिरायला लागतं. असंच फिरत फिरत त्याचं बी जमिनीत शिरतं. पोरांना हे हातावर बघू द्या, फोटोंची गरजच नाही.

ग्लिरिसिडिया मूळचं मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचं. बांधावर हिरवळीच्या खताला चांगलं, मी स्वतः लावलंय. पण माळावर दाट लावलं तर सावलीनं मारवेल, कुसळी जाणार. मग जनावरं कुठं न्यायची? टिटवी, चंडोल भुईवर अंडी घालतात, त्यांनाही उघडा माळच लागतो. हे सरपंचांसमोर स्पष्ट बोला, भीड धरू नका.

माळकरी_औसा:
ताई, पटलं. पण बोलणं हवेत विरून जातं. पुढं काय करायचं?

कंधारची_सून:
२००२ च्या जैवविविधता कायद्यात ग्रामपंचायतीला समिती अन् लोक जैवविविधता नोंदवही सांगितलीय. गवतांची गावातली नावं, चराईचे महिने, पाणवठे, सगळं मेंढपाळाच्या शब्दांत त्यात लिहून घ्या. बाया सरपणाला, गवताला माळावरच जातात, त्यांनाही बोलतं करा.

माळकरी_औसा:
नोंदवही कुणाकडं आहे ते उद्या ग्रामसेवकांना विचारतो. बैठक कुसळं पिकल्यावर, माळावरच घेऊ. आईलाही नेतो, तिला माझ्यापेक्षा जास्त गवतं ओळखू येतात.