गोधडीला मशीनवर गोट (कडेची पट्टी) लावताना मागची पट्टी सुटते, काय करू?

शेवंती
बहिणीच्या बाळासाठी आईच्या दोन नऊवारींची गोधडी केली आहे. 36 बाय 45 इंच, मध्ये जुन्या धोतराचा थर. धावदोरा हातानेच घातला, पण बारसं दहा दिवसांवर आलंय म्हणून गोट मशीनवर लावायला घेतला. दोनदा लावला, दोनदा उसवला. वरून टीप सरळ दिसते, उलटून पाहिलं की मागची पट्टी चार-पाच ठिकाणी टिपेबाहेर. कोपऱ्यात तर नुसता गोळा. बाजारातली तयार उरेब (तिरपी कापलेली) पट्टी होती. दुसरी कोणती घेऊ? की पट्टी दुमडून देणारा फोल्डर घ्यावा?

सुईदोरा
फोल्डर नको. गळ्याला, झबल्याला छान चालतो, पण गोधडीची जाडी त्याच्या तोंडात बसत नाही.

आजोळ
शेवंती, उसवलेली पट्टी बाजूला ठेव. ती ताणली गेली असणार, पुन्हा चुण्याच पडतील. शिवाय उरेब लागते गोलाईला. तुझ्या चारही कडा सरळ आहेत, आडव्या धाग्याची पट्टी पुरे.

नवं सुती कापड घे, अर्धा मीटर. आधी भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात गोट आटून कडा गोळा होतील. 44 इंच पन्ह्यातून (कापडाच्या रुंदीतून) दोन इंच रुंदीच्या पाच पट्ट्या काढ. तुला घेर 162 इंच लागतो, जोड आणि कोपरे धरून एवढं हवंच. जोड तिरपे दे, म्हणजे एका जागी जाडी येत नाही. मग पट्टी लांबीत दुमडून कडक इस्त्री कर.

आता खरी गोष्ट. पट्टी आधी गोधडीच्या मागच्या बाजूला लाव. उघड्या कडा काठाला जुळवून पाव इंचावर टीप मार. मग पट्टी पुढे वळव, दुमड पहिल्या टिपेच्या जरा पलीकडे जाते, आणि दुमडीच्या अगदी कडेने वरून टीप मार. शेवटची टीप डोळ्यांसमोर पडते, सुटायला वावच नाही.

कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांब, दोरा तोड. पट्टी सरळ बाहेर वर उचल, तिरकी घडी पडेल. ती बोटाने दाबून धर, पट्टी पुढच्या कडेवर खाली आण आणि काठापासून टीप सुरू कर.

सुईदोरा
आजोळताईंच्या म्हणण्याला जोड: 16 नंबरची सुई, टाका मोठा, आणि मशीनच्या पायाच्या दाबाचा वरचा स्क्रू थोडा सैल. वरचा थर पुढे सरकतो तो घट्ट दाबामुळेच.

शेवंती
ताई, आज एक बाजू आणि एक कोपरा झाला. मागे एकही टाका चुकला नाही! मागच्या बाजूला गोटाशेजारी दोऱ्याची एक रेघ दिसते, ती चालेल ना?

आजोळ
चालेल की. बॉबिनमध्ये मागच्या नऊवारीच्या रंगाचा दोरा भर, ती धावदोऱ्यात मिसळून जाईल.