मांडवीवरची संध्याकाळची क्रूझ लहान मुलांना मानवेल का?

प्रश्न : आम्ही ४ आणि ७ वर्षांच्या मुलींसह पणजीला जात आहोत. सांता मोनिका जेटीवरून सुटणाऱ्या क्रूझवर नाचगाणी जोरात असतात, असे ऐकले आहे. धाकटी मोठ्या आवाजाला घाबरते, म्हणून अनुभवी पालकांचे मत हवे आहे.

प्रतिसाद १ : फेरी साधारण तासाभराची असते. देखणी, फुगडी यांसारखी लोकनृत्ये आमच्या मुलांनी रमून पाहिली आणि निवेदकाने बोलावल्यावर ती मंचावर नाचलीही. मात्र ध्वनिवर्धकांपासून दूर बसावे.

प्रतिसाद २ : माझे मत वेगळे आहे. आमचा तीन वर्षांचा मुलगा आवाजाने दहाव्या मिनिटालाच रडू लागला आणि बोट मध्येच थांबत नसल्यामुळे फेरी संपेपर्यंत त्याला कडेवर घेऊन उभे राहावे लागले. खरी अडचण हीच आहे. धाकटीला आधी पणजी-बेती फेरीबोटीने न्या, म्हणजे पाण्यावर ती कशी राहते हे कळेल, आणि क्रूझला जायचेच ठरले तर कान झाकणारे हेडफोन सोबत ठेवा.

प्रतिसाद ३ : तिकीट काढताना मांडवीतील कॅसिनोच्या जहाजांशी गल्लत होऊ देऊ नका, तेथील जुगाराच्या दालनात २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नसतो.