जैतापूरच्या सड्याखालचं पाणी आधी मोजा

कृष्णाकाठ, कराड :
जैतापूरला १७३० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्या ठरल्यात. १९६७ चा कोयनेचा भूकंप सोसलेले आम्ही लोक भूकंपाबद्दल विचारतोच, पण मला जास्त काळजी भूजलाची वाटते. जपानच्या फुकुशिमा अणुवीज केंद्रात २०११ च्या अपघातानंतर डोंगराकडचं भूजल रोज सुमारे ४०० टन तळघरांत शिरत होतं. ते अडवायला दीड किलोमीटर माती गोठवून भिंत करावी लागली. म्हणून बांधकामाआधी निरीक्षण विहिरी पाडा, पाणी कुठून कुठं जातं ते बघा आणि आकडे गावाला द्या.

माणदेशी, आटपाडी :
भाऊ, फुकुशिमात त्सुनामीनं वीज गेली, इंधन वितळलं. भूजलाचा प्रश्न त्यानंतरचा. जैतापूरच्या सड्यावरचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावरचं, पाणी उतरणार खाडीकडं आणि समुद्राकडं. आमच्याकडं टेंभू उपसा योजनेचं पाणी विजेवरच चढतं. वीज लांबली की माझी डाळिंबं वाळतात, हेही धरा हिशोबात.

कृष्णाकाठ :
डाळिंबं वाळू नयेत असं मलाही वाटतं. पण सडा आणि समुद्र यांच्या मधे वाड्या आहेत, त्यांच्या विहिरी आहेत.

बोअरवाला, तासगाव :
वीस वर्षं बोअर मारतोय, म्हणून बोलतो. जांभ्यातनं पाणी झटक्यात खाली उतरतं. त्याखालच्या काळ्या पाषाणात मात्र ते फटीतनंच पळतं. एकाच बांधावर तीस फुटांच्या अंतरात एका बोअरला दोन इंची पाणी लागलं, दुसऱ्यात सातशे फुटांपर्यंत धुरळाच. त्यामुळं नकाशावर चार ठिपके देऊन विहिरी पाडल्या तर काही कळणार नाही. एका बोअरवर पंप चालवा आणि आजूबाजूच्या बोअरची पातळी किती उतरते ते बघा, मगच फटी कुठं जुळल्यात ते कळतं. तेही मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा.

माणदेशी :
हे पटलं. अमेरिकेत मोंटिसेलोच्या अणुवीज केंद्रात २०२२ मध्ये पाइप गळून किरणोत्सारी ट्रिटियमचं सुमारे १५ लाख लिटर पाणी जमिनीत गेलं. ते निरीक्षण विहिरींमुळंच कळलं, उपसूनही काढायला घेतलं. म्हणजे व्यवस्था चालते. विहिरी पाडा, पण त्यासाठी काम अडवू नका.

कृष्णाकाठ :
तिथं नोव्हेंबरात कळलं आणि लोकांना मार्चमध्ये सांगितलं! ट्रिटियम हा हायड्रोजनच, पाण्यातच मिसळून जातो, गाळून निघत नाही. निम्मा व्हायला १२ वर्षं लागतात. चार महिने विहिरीचं पाणी पिणाऱ्या बाईला कुणी काय सांगायचं?

बोअरवाला :
माणदेशी दादा, काम अडवू नका म्हणता, पण ट्रिटियम थोडा पावसाच्या पाण्यातही असतो. आधीचा आकडा नसेल तर पुढं वाढलेला कशावरनं ओळखायचा? दोन उन्हाळे, दोन पावसाळे मोजा. तोवर पाया खोदू नका.