उपकारस्तुतीच्या सभेत आईची सेवा करणाऱ्या मावशींचे आभार मानावेत का?

नगरची लेक

सर्वांना प्रभूमध्ये सलाम. माझी आई एकोणऐंशी वर्षांची आहे. गेल्या वर्षी पावसाळ्यात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय लुळा पडला, आणि वाचाही बरीचशी गेली. मी पुण्यात नोकरी करते, भाऊ नगरला आईजवळ राहतो, आणि दिवसभर आईचे सगळे करण्यासाठी एक मावशी येतात. तिला स्पंजने पुसून काढणे, कुशीवर वळवणे, ठसका लागणार नाही अशा बेताने भरवणे, व्यायाम करून घेणे, हे सारे त्या करतात. चौदा महिन्यांत आईच्या पाठीला एकही जखम झाली नाही, आणि मागच्या महिन्यात आई वॉकर धरून दारापर्यंत चालत आली.

आता आम्ही घरी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची सभा ठेवत आहोत. त्या सभेत मावशींना पुढे बोलावून त्यांचे नाव घेऊन आभार मानावेत, असे मी सुचवले. मावशी ख्रिस्ती नाहीत. आत्यांचे म्हणणे असे, की साक्ष देवाच्या कार्याची द्यायची असते. तेथे माणसाची स्तुती केली तर देवाच्या गौरवात वाटेकरी उभा राहतो, शिवाय मावशींना त्यांच्या कामाचा पगार मिळतोच. आत्यांचा विश्वास मी लहानपणापासून पाहत आले आहे आणि आई अतिदक्षता विभागात असताना त्या रात्र रात्र गुडघ्यांवर होत्या, म्हणून त्यांचे बोलणे मला सहज बाजूला सारता येत नाही.

दुसरी गोष्ट माझ्याविषयीची आहे. दर शनिवारी नगरला जाऊन रविवारी रात्री परत येताना मी पार थकून जाते. आमच्या चर्चच्या मंडळीतील दोन भगिनींनी अधूनमधून आईजवळ बसण्याची तयारी दाखवली होती, परंतु ‘प्रभू समर्थ आहे’ असे म्हणून मी नकार दिला. तो खरोखर विश्वास होता की अभिमान, हे मला आता उमगत नाही.

निवृत्त पाळक

ताई, सलाम. बायबलमधील, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै येथील मंडळीला, लिहिलेल्या पत्राचा चौथा अध्याय आत्यांसोबत बसून वाचावा, असे मी सुचवतो. सामर्थ्य देणाऱ्या ख्रिस्ताच्या बळावर मी सर्व काही करू शकतो, हे त्यातील तेरावे वचन आपल्या घराघरांत भिंतीवर लावलेले असते, आणि ते योग्यच आहे. पण पौल तेथे थांबत नाही. लगेच चौदाव्या वचनात तो म्हणतो, की तरीही तुम्ही माझ्या संकटात सहभागी झालात हे फार चांगले केले. मी चाळीस वर्षे उपदेश केला, आणि तेराव्या वचनावर जितक्या वेळा बोललो त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही चौदाव्यावर बोललो नाही, याची मला आज खंत वाटते. देव पुरेसा आहे, हे ज्या लेखणीने लिहिले, तीच लेखणी पुढच्या ओळीत माणसांचे आभार मानते, आणि पौलाला त्यात विसंगती दिसत नाही.

हे पत्र तो बंदिवासातून लिहीत होता. त्या काळी कैद्याच्या अन्नवस्त्राची काळजी बहुधा त्याच्या आप्तमित्रांनाच घ्यावी लागे, आणि म्हणूनच फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती मदत पाठवली. पौलाची सेवा करता करता हा एपफ्रदीत स्वतःच इतका आजारी झाला, की मरणाच्या दारी पोहोचला. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी पौल त्याला बंधू, सहकारी आणि सहसैनिक म्हणतो, आपली गरज भागवणारा म्हणतो, आणि मंडळीला सांगतो, की अशा माणसांना मान द्या. अशी पत्रे मंडळीत मोठ्याने वाचली जात. म्हणजे सेवा करणाऱ्याचे नाव सर्वांसमक्ष घेतले गेले. त्याच्या हातून आलेल्या देणग्यांना तर पौल देवाला संतोष देणारे सुवासिक अर्पण म्हणतो. जे माणसाच्या हाती दिले ते देवापर्यंत पोहोचले असे तो मानतो. मग गौरवाची वाटणी कोठे झाली?

पगाराच्या मुद्द्याविषयी एवढेच म्हणतो, की येशूने सांगितलेल्या, वाटेत जखमी पडलेल्या माणसाला उतारशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातील उतारशाळेच्या रखवालदाराकडे लक्ष द्यावे. त्याला दोन दीनार आगाऊ मिळाले होते, आणि तरीही त्या जखमी माणसाच्या उशाशी पुढचे दिवस कोणी काढायचे होते, तर त्यानेच. त्याचा धर्म कोणता, हे येशूने सांगितले नाही.

मिरजेची परिचारिका

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत सुरू केलेल्या रुग्णालयात मी परिचर्येचे शिक्षण घेतले आणि पुढे चौतीस वर्षे वेगवेगळ्या ठिकाणी वॉर्डात काम केले. चौदा महिन्यांत पाठीला जखम नाही, हे वाचून मी थबकले. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, चादरीला सुरकुती राहू द्यायची नसते, टाचा आणि माकडहाड रोज पाहायचे असते, आणि ओलावा क्षणभरही अंगाखाली ठेवायचा नसतो. एक दिवस दुर्लक्ष झाले तरी कातडी लाल पडते. देवाने आईला राखले असे तुम्ही म्हणता, तेव्हा त्या राखण्यात मावशींचे रोजचे कूस बदलणे आहे, आणि तुमच्या भावाने रात्री उठून तेच केले असणार, कारण मावशी दिवसाच येतात. सभेत त्याचेही नाव घ्या. घरातल्या माणसाचे आभार मानायचे राहून जातात.

मात्र मावशींना पुढे बोलावण्याआधी त्यांना एकांतात विचारा. दुसऱ्याच्या धर्माच्या सभेत सर्वांसमोर उभे राहणे काहींना अवघड वाटते, आणि पगार देणाऱ्या घराला नाही म्हणणे त्यांना त्याहून अवघड जाते. त्यांनी साक्ष द्यावी अशी अपेक्षा मुळीच ठेवू नका. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, अशी बायबलमधील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात आज्ञा आहे. म्हणून पगाराची तारीख चुकवू नका, आठवड्याची सुट्टी पगारी असू द्या, आणि दुपारी अर्धा तास पाठ टेकण्याची सोय करा. रुग्णाला उचलून उचलून या बायकांच्या कमरेची वाट लागते आणि ती तक्रार त्या काम जाईल या भीतीने सांगत नाहीत. तुमच्या फिजिओथेरपिस्टकडून त्यांना उचलण्याची योग्य पद्धत शिकवून घ्या. सभेतल्या शालीइतकेच हेही आभार आहेत.

वसईकर

मी कॅथलिक आहे. दर वर्षी ११ फेब्रुवारीला आमच्याकडे आजाऱ्यांचा जागतिक दिवस पाळला जातो, आणि त्या दिवशी आजाऱ्यांबरोबर त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांसाठीही प्रार्थना होते, तेव्हा तुमची सूचना मला मुळीच वावगी वाटत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो, कारण पत्नीच्या आजारपणात मीही हेच केले आणि शेवटी स्वतः आजारी पडलो. गेथशेमाने बागेत येशूने पित्याची प्रार्थना केली, आणि त्याच रात्री त्याने तीन मित्रांना आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले. वधस्तंभावर असताना त्याने आपल्या आईला शिष्याच्या स्वाधीन केले. आईची काळजी देव घेईल असे म्हणून तो गप्प राहू शकला असता, परंतु तिला कोणाच्या घरी राहायचे हे त्याने मरता मरता ठरवून दिले. संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली निजला तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले, आणि दुसऱ्यांदा खायला उठवले. त्या दोन भगिनी भाकर घेऊनच आल्या असतील, ताई.

नगरची लेक

आपणा सर्वांची उत्तरे मी आत्यांना वाचून दाखवली. त्यांनी चौथा अध्याय स्वतः काढला, चौदावे वचन दोनदा वाचले, आणि बऱ्याच वेळाने विचारले, की मावशींना सुट्टी कोणत्या वारी असते. त्यांना ठरलेली सुट्टीच नव्हती, हे आम्हा दोघींच्या तेव्हा लक्षात आले. आता रविवार ठरला आहे.

मावशींना एकांतात विचारले. पुढे उभे राहायला त्यांनी नको म्हटले. आईजवळ, नेहमीच्या खुर्चीवर बसून राहीन, असे म्हणाल्या. म्हणून आत्याच आपल्या प्रार्थनेत त्यांचे आणि भावाचे नाव घेऊन देवाचे उपकार मानणार आहेत. आईलाही मावशींचे नाव उच्चारायचे आहे. पहिले अक्षर तिला जमते, दुसऱ्यावर जीभ अडते, आणि त्या दोघी रोज दुपारी त्याचा सराव करत आहेत.

त्या भगिनींना मी काल फोन केला. या शनिवारी त्या दुपारी तीन ते सात आईजवळ बसतील.