मदत हवी आहे: कोळशाच्या धुळीने बाबांच्या मनावर परिणाम होत असेल का?

नमस्कार. आमचं गाव वणी तालुक्यात, कोळसा खाणीजवळ. वावर टिप्परच्या रस्त्याला लागूनच. सकाळी पुसलेल्या माठाच्या झाकणावर संध्याकाळी बोट फिरवलं की काळी रेघ उमटते.

बाबा ६१ वर्षांचे, आयुष्यभर पऱ्हाटीच केली. बोंडातला कापूस चिमटीत धरून धागा किती लांब निघतो ते आम्हाला दाखवायचे. यंदा सीतादहीला, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेलाही, वावरात आले नाहीत. मी कापूस हातात दिला तर बोटाला लागलेली काजळी धोतराला पुसली आणि म्हणाले, "मले आता कायचंच वाटत नाही रे." हे ऐकल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तीन महिन्यांपासून झोप नाही. रात्री दोन वाजता खोकत उठतात आणि छपरीत बसून राहतात. नातवावरही खेकसतात, आधी असे नव्हते. डॉक्टरांनी दोनदा खोकल्याचं औषध दिलं, मनाचं कोणी विचारलंच नाही.

मी वाचलं की अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण फुफ्फुसात खोल जातात, त्यातले काही रक्तातही उतरतात, शरीरात दाह होतो, आणि अशा हवेत राहणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण जास्त दिसतं. या कणांची आपल्याकडची वार्षिक मर्यादा घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम आणि जागतिक आरोग्य संघटनेची ५! मग बाबांचं हे धुळीने, की नापिकीच्या काळजीने? दाखवायचं कुठे? "मी काय येडा झालो का?" म्हणतील, ही भीती आहे.

प्रतिसाद:
दादा, धूळ की काळजी हे वेगळं काढायच्या मागे लागू नका, दोन्ही मिळूनच माणूस खचतो. आधी छातीची तपासणी करा, स्पायरोमेट्रीसुद्धा (नळीत फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजतात ती). जुन्या दम्यात झोप मोडते, आणि नैराश्य त्याच्यासोबत बऱ्याचदा येतं. त्यांना "झोपेसाठी दाखवू" एवढंच सांगा, माझे काका त्यावरच तयार झाले होते. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रीही चालतो, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः आधी फोन करा. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही बोलतात का, ते सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. तसं बोलले तर एकटं सोडू नका, फवारणीचं औषध घरातून हलवा. हे आजच करा.

मूळ धागाकर्ता:
औषधाचे डबे आत्ताच काकाकडे नेऊन ठेवले. सोमवारी बाबांना घेऊन निघतो.