डुकराचे पाय आणि नळी: मंद आचेवर कसं शिजवता?

सुगंधा_पुणे: नमस्कार मंडळी. आमच्याकडे पोर्क म्हणजे आजवर खांद्याचे तुकडे, फार तर विंदालू. गेल्या रविवारी पहिल्यांदाच दोन पाय आणि गुडघ्याखालची एक नळी आणली, सगळं मिळून सव्वा किलो. कुकरला सहा शिट्ट्या दिल्या. पायाची कातडी रबरासारखी चिवट राहिली, नळीचं मांस कोरडं झालं आणि रस्सा पाण्यासारखा. जास्त शिजलं का? घरात जाड बुडाचं स्टीलचं पातेलं आहे, ओव्हन आहे, स्लो कुकर नाही. सासूबाईंना वास सहन होत नाही, त्यावरही काही सुचवा.

वसईची_वाडी: सुगंधाताई, उलट आहे, कमी शिजलं. अशा भागात स्नायू कमी आणि शिरा, कातडी, सांध्याचा चिकट भाग जास्त. तो विरघळेपर्यंत मांस चिवट आणि कोरडंच लागतं. अर्ध्या वाटेवर चाखून 'बिघडलं' म्हणून गॅस बंद केला की हमखास फसतं.

वासाचं आधी. पाय गॅसच्या ज्योतीवर धरून उरलेले केस जाळा, सुरीने खरवडा, बोटांच्या बेचक्यात विशेष लक्ष द्या. मग गार पाण्यात घालून उकळी आणा, दहा मिनिटं ठेवा. वर करडा फेस येतो, ते सगळं पाणी ओतून द्या आणि तुकडे नळाखाली चोळून धुवा. हे केलंत तर सासूबाईंची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

आमच्या घरी इंद्यालचं (आमच्याकडचं विंदालू) वाटण लावतात: सुकी मिरची, लसूण, जिरं, हळद, व्हिनेगरमध्ये वाटलेलं. तुकडे रात्रभर त्यात मुरवून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी कांदा परतून तुकडे घाला, बुडतील इतकंच गरम पाणी. पातेल्याखाली तवा, वर घट्ट झाकण. खळखळ उकळू द्यायचं नाही, कडेला अधूनमधून एखादा बुडबुडा फुटला पाहिजे, बस. पायाला साडेतीन-चार तास, नळीला तीन. पायाचं हाड हाताने फिरवल्यावर सुटलं की झालं. तुमचं पातेलं स्टीलचं आहे ते बरं, व्हिनेगर घातलेलं ॲल्युमिनियममध्ये कधी शिजवू नका.

आल्प्सजवळ: म्युनिकहून लिहितोय. इथे नळी कातडीसकट भाजतात, श्वाइन्सहाक्से म्हणतात. कातडीला धारदार सुरीने चिरा द्या, पण खालच्या मांसापर्यंत जाऊ नका. मीठ, शहाजिरं, लसूण चोळा. ट्रेमध्ये कांदा आणि थोडं पाणी, १६० अंशांवर अडीच-तीन तास. शेवटची वीस मिनिटं २२० अंश, कातडी फुगून कुरकुरीत होते. त्या वेळी ओव्हनपासून हलू नका. पाय मात्र असे भाजू नका, रश्शातच चांगले.

गॅस_वाचवा: चार तास गॅस सगळ्यांना परवडत नाही. पाय कुकरलाही छान होतात, फक्त शिट्ट्या मोजू नका. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक, पंचेचाळीस मिनिटं. वाफ आपली आपण जिरू द्या.

वसईची_वाडी: पायांपुरतं मान्य. नळी कुकरला घातली तर मांसाचे धागे होतात, ती पातेल्यातच. गोव्यात सोरपोतेल (पोर्कचं आंबट-तिखट कालवण) करतात तसं आणखी एक करा: झालेलं त्याच दिवशी खाऊ नका. निवलं की फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर येतो, तो काढून बटाटे परतायला ठेवा. खाली रस्सा थरथरत्या जेलीसारखा दिसेल. तेवढा पुन्हा चांगला उकळून वाढा.

सुगंधा_पुणे: काल केलं, पावणेचार तास लागले. अडीच तासांनी चाखलं तेव्हा अजून चिवटच होतं, तुमचं वाचलं नसतं तर तिथेच सोडलं असतं. आज खाताना ओठ एकमेकांना चिकटत होते. सासूबाईंनी रस्सा दोनदा घेतला, भातावर. आता गाल मिळाला तर कसा करू?

वसईची_वाडी: अस्साच, पण अडीच तासांनी बघायला लागा. आणि खाटकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर डोकं अख्खंच विकतात.