मदत हवी आहे: चोपड्याजवळ सापडलेला जर्मन शेफर्ड, नुसता सापळा, गोचीड भरपूर

तापीकाठ
यावल रस्त्याला ढाब्यामागे नर जर्मन शेफर्ड सापडला. दातांवरून दोनेक वर्षांचा वाटतो. वजन १९ किलो. या वयाच्या नराचं निदान ३० तरी हवं. कानांत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड. हिरड्या फिकट, ताप १०४. समोर येईल ते गिळतो आणि पातळ शी करतो. शेजारी म्हणतात, गुरांचं आयव्हरमेक्टिन (जंत-गोचिडांवरचं औषध) टोचून टाका. डॉक्टर परवा येणार आहेत. तोवर खायला काय आणि किती द्यायचं?

आप्पा_धुळेकर
टोचू नका भाऊ! काही जर्मन शेफर्डांत एमडीआर१ या जनुकात दोष असतो. एरवी मेंदूत न शिरणारं औषध त्यांच्या मेंदूत शिरतं. गुरांच्या इंजेक्शनात मिलीला १० मिलिग्रॅम असतं. १ मिली टोचलं तरी १९ किलोला किलोमागे अर्धा मिलिग्रॅम पडतं, आणि दोष असलेल्याला ०.१ सुद्धा बाधू शकतं. लाळ गळते, तोल जातो, दिसेनासं होतं, पुढे बेशुद्धी. रॉकेल-फिनेलही लावू नका.

ताप पहाटे सावलीत मोजा, गुदद्वारातून. १०१ ते १०२.५ ठीक. मे महिन्यात पत्र्याखाली बांधलेल्या धडधाकट कुत्र्याचाही पारा दुपारी चढतो. पॅरासिटामॉल मात्र घरच्या डब्यातलं अजिबात नाही.

सातपुडा_पायथा
खाण्याचं सांगते. दया येऊन लोक पातेलंभर दूध-भाकरी नाहीतर गूळ-भात ओततात, आणि तिथेच घात होतो. उपाशी शरीरात एकदम पिष्ट-साखर गेली की इन्सुलिन वाढतं. रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढलं जातं. मग खाऊ लागलेलं कुत्रं दोन-चार दिवसांत लुळं पडतं, झटके येतात, हृदय थांबू शकतं.

१९ किलोची विश्रांतीची गरज साधारण ६४० कॅलरी. पहिल्या दिवशी त्याच्या पाव, म्हणजे १६०: बिनहाडाचं उकडलेलं चिकन १०० ग्रॅम किंवा दोन उकडलेली अंडी. मीठ-मसाला, कांदा-लसूण नको. सहा वेळांत वाटून द्या. दुसऱ्या दिवशी निम्मं, तिसऱ्या दिवशी पाऊण, चौथ्या-पाचव्या दिवशी पूर्ण. भात त्यानंतर, थोडा थोडा. पाणी कायम समोर. कितीही केविलवाणा बघितला तरी वाढवू नका.

आप्पा_धुळेकर
गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका; बोटांनी चिरडू नका. फ्लुरालॅनर या गोचीड मारणाऱ्या औषधाची गोळी जेवणासोबत दिली की १२ आठवडे चालते, पण झटक्यांचा इतिहास असेल तर जपून. डॉक्टरांना विचारूनच द्या. नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. मादी गोचीड भिंतीच्या फटीत हजारोंनी अंडी घालते, म्हणून गोठ्याच्या, ओट्याच्या भेगा बुजवा.

फिकट हिरड्या आणि ताप म्हणजे गोचीड-तापाचा संशय. डॉक्टरांना सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायला सांगा. एर्लिकिया (गोचिडीतून येणारा जिवाणू) निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, २८ दिवस. गोळी अन्नात द्या आणि वर पाणी पाजा. कोरडी अडकली तर अन्ननलिकेला जखम होते. दुधासोबत नको. आठवड्यात कुत्रं उड्या मारू लागतं, तेव्हाच लोक औषध सोडतात, आणि दुखणं उलटतं.

तापीकाठ
तीन आठवड्यांनी लिहितोय. एर्लिकिया निघाला, प्लेटलेट ४२ हजार होत्या, आता दीड लाखावर. ताप नाही. पण वजन फक्त २० किलो. दुप्पट खातो, शी पिवळट, तुपकट आणि ढीगभर. जंताचं औषध दोनदा झालं.

सातपुडा_पायथा
मग स्वादुपिंड बघा. जर्मन शेफर्डांत स्वादुपिंडातल्या, पचनाचे एंझाइम करणाऱ्या पेशी झिजण्याचा आजार आनुवंशिक आहे आणि बहुधा ऐन तरुणपणी उघडा पडतो. तुमची लक्षणं तंतोतंत तीच. कुत्र्याची टीएलआय तपासणी (स्वादुपिंडाचं एंझाइम रक्तात किती ते बघणारी) ८ ते १२ तास उपाशी ठेवून करतात, २.५ च्या खाली आली की निदान पक्कं. नमुना बाहेरगावी जाऊ शकतो, आधी लॅबला विचारा. सोबत बी१२ मोजून घ्या. ते बहुतेकदा कमी असतं आणि ते भरल्याशिवाय वजन धरत नाही.

उपाय म्हणजे प्रत्येक जेवणात पॅन्क्रियाटिनची, म्हणजे त्याच एंझाइमांची पूड, जन्मभर. माणसांच्या वेष्टन असलेल्या गोळ्यांपेक्षा साधी पूड चांगली चालते. दत्तक घेणाऱ्याला हा महिन्याचा खर्च आधीच सांगा, नाहीतर कुत्रं पुन्हा यावल रस्त्यावर. पैदाशीला मागणारे येतील, त्यांना देऊ नका. वजन भरलं की नसबंदी करून घ्या.